केन्स बुडाले तेव्हा त्यांना हात देणारे होते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आपल्याकडे नावाने सर्वांना माहीत आहे. वाचलेले मात्र फार थोडे. या ग्रंथात बाबासाहेबांनी ज्यांच्या मतांचा कसून समाचार घेतला त्यांत एक नाव जॉन मेनार्ड केन्स यांचे आहे. विसाव्या शतकातील सर्वात प्रभावी अर्थतज्ज्ञांमध्ये केन्स यांची गणना होते. सरकारी खर्च, बेरोजगारी, मंदी या विषयांवर त्यांचे नाव आजही निघते. पण त्यांच्या आयुष्याची एक बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. केन्स हे आयुष्यभर सट्टेबाज होते. चलनांचे वायदे, कापूस, रबर, कथील, त्यांचे ऑप्शन, शेअर हे सारे त्यांनी केले. त्यात ते एकदा पूर्ण बुडाले आणि नंतर दोनदा बुडता बुडता वाचले.

ही बाजू आज सांगण्याचे कारण आहे. वस्त्यांमध्ये काम करताना गेल्या काही वर्षांत कर्जाची कारणे बदललेली दिसतात. पूर्वी आजारपण, लग्न, घरदुरुस्ती ही कारणे असत. आता बचत गटातून आईच्या नावावर उचललेले पैसे कुठे गेले याची चौकशी केली की मुलाच्या मोबाईलमधील ऑप्शन ट्रेडिंगपर्यंत माग जातो. मुले शिकलेली असतात आणि मूर्ख तर मुळीच नसतात. बाजार वर जाईल की खाली हे त्यांनी अनेकदा बरोबर ओळखलेलेही असते. तरीही पैसे जातात. असे का होते, हे केन्स यांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही ट्रेडिंग क्लासमध्ये दिसणार नाही.

केन्स यांचा जन्म 5 जून 1883 रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. वडील जॉन नेव्हिल केन्स हे स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि विद्यापीठाचे प्रशासक. आई फ्लोरेन्स समाजकार्यात होत्या आणि पुढे केंब्रिजच्या महापौर झाल्या. शिक्षण ईटनमध्ये आणि नंतर किंग्ज कॉलेजमध्ये. म्हणजे पैसा, विद्या आणि ओळखीपाळखी तिन्ही जन्मापासून घरात. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

1906 मध्ये ते लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला लागले. दोन वर्षे भारताच्या कारभाराचे कागद हाताळले, पण भारतात ते कधीही आले नाहीत. या कागदांच्या आधारे 1913 मध्ये त्यांनी 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' हे पुस्तक लिहिले. देशात रुपयाचे चलन चालावे, परदेशी देणे देताना सरकारने तो ठरावीक दराने पौंडात बदलून द्यावा, अशी जी व्यवस्था तेव्हा चालू होती तिचे त्यांनी समर्थन केले. सामान्य भारतीय माणसाच्या बाजारहाटात काय होते यापेक्षा लंडनमधील हिशेब जुळतो की नाही याकडे त्या पुस्तकाचे लक्ष अधिक होते, असे माझे मत आहे.

पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश अर्थखात्यात गेले. 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेत जर्मनीवर लादल्या जाणाऱ्या खंडणीला विरोध करून त्यांनी राजीनामा दिला आणि त्यावर लिहिलेल्या पुस्तकाने ते जगप्रसिद्ध झाले. याच सुमारास त्यांचा चलनांचा सट्टा सुरू झाला.

त्या काळात चलनबाजारात काय चालले होते हे समजून घेतले पाहिजे. युद्धापूर्वी मोठ्या देशांची चलने सोन्याला बांधलेली होती, त्यामुळे त्यांचे परस्परांतील दर जवळजवळ हलत नसत. युद्धकाळात पौंडाचा दर सुमारे 4.76 डॉलरवर धरून ठेवला होता. मार्च 1919 मध्ये तो आधार काढून घेतला आणि वर्षभरात पौंड साडेतीन डॉलरच्या खाली घसरला. फ्रँक, लिरा, मार्क यांचे तर विचारूच नका. पूर्वी जिथे हलणारे काहीच नव्हते तिथे रोज भाव वरखाली होऊ लागले. यालाच आज व्होलॅटिलिटी म्हणतात, साध्या मराठीत चढउतार. चढउतार म्हणजे घसरण नव्हे. भाव किती वेगाने आणि किती मोठ्या अंतराने दोन्ही बाजूंना हलतो याचे ते माप आहे. नेमका हाच फरक शिकवणीतील मुलांच्या डोक्यात बसलेला नसतो.

केन्स यांचा विचार सरळ होता. युद्धाने पोखरलेल्या फ्रान्स, इटली आणि जर्मनीत महागाई वाढणार, त्यांची चलने पडणार. म्हणून ती चलने वायद्याने विकायची आणि डॉलर, नॉर्वे-डेन्मार्कचे क्रोनर आणि आपला रुपया विकत घ्यायचा. होय, भारतीय रुपयाही त्यांच्या सट्ट्यात होता. जर्मनीची आर्थिक स्थिती त्यांच्याइतकी जवळून पाहिलेली माणसे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. सुरुवातीला चांगला नफा झाला. 1920 च्या जानेवारीत त्यांनी फॉक या दलाल मित्राबरोबर एक गट उभा केला. त्यात स्वतःचे, घरच्यांचे आणि चित्रकार-लेखक मित्रांचे पैसे घातले. ज्यांना फ्रँकचा दर कशाने बदलतो हे ठाऊकही नव्हते त्यांचेही पैसे केन्स यांच्या विद्वत्तेच्या भरवशावर त्यात आले.

वायद्याचा व्यवहार कसा असतो ते पाहू. महिन्याने ठरलेल्या दराने एक लाखाचे मार्क देईन असा करार करायचा. त्यासाठी आज लाख रुपये लागत नाहीत, समजा दहा हजार मार्जिन भरले की पुरते. मार्क पडला तर तो स्वस्तात घेऊन द्यायचा, फरक आपला. पण मार्क दहा टक्के चढला तर फरक आपल्या खिशातून जातो आणि दहा हजार तिथेच संपतात. मग दलाल आणखी पैसे मागतो. ते देता आले नाहीत तर सौदा तोट्यातच बंद होतो. पुढच्या महिन्यात मार्क पडला तरी त्याचा आपल्याला काही उपयोग नसतो.

आणि घडले नेमके तेच. फेब्रुवारी 1920 मध्ये एका डॉलरला सरासरी 99 मार्क पडत होते. मार्चमध्ये 84, एप्रिलमध्ये 60, मेमध्ये 46, जूनमध्ये 39. जर्मनीबद्दल बाजारात थोडी आशा निर्माण झाली आणि चार महिन्यांत मार्कची किंमत दुपटीहून अधिक झाली. फ्रँक आणि लिराही चढले. मेच्या अखेरीस गटाचा वीस हजार पौंडांहून अधिक तोटा झाला होता. केन्स कर्जबाजारी झाले.

यातली विचित्र गोष्ट अशी, की केन्स यांचा अंदाज चुकला नव्हता. मार्क पुढे पडला, आणि असा पडला की इतिहासात त्याचे दाखले दिले जातात. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. पण 1920 च्या मेमध्ये भाव उलटा गेला आणि उसन्या ताकदीवर केलेल्या सौद्यात साडेतीन वर्षे थांबायची सोय नसते. बाजाराचा वेडेपणा माणसाच्या पैशांपेक्षा जास्त काळ टिकतो अशा आशयाचे एक वचन केन्स यांच्या नावाने सोशल मीडियावर फिरते. त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. पण त्यांनी ते लिहिले नसले तरी 1920 मध्ये भोगले होते.

मग ते सावरले कसे? अर्नेस्ट कॅसल नावाच्या बड्या वित्तव्यावसायिकाने त्यांना 5,000 पौंड कर्ज दिले. प्रकाशकाने पुस्तकाच्या मानधनापोटी 1,500 पौंड आगाऊ दिले. घरच्यांनी सांभाळून घेतले. या पैशांवर त्यांनी जवळपास तेच सौदे पुन्हा केले, आणि या वेळी चलने पडली. 1922 च्या अखेरीस सारे कर्ज फिटून त्यांच्याकडे सुमारे 21 हजार पौंड जमले होते. त्यांचे चरित्रकार ही कथा धाडसाची आणि बुद्धीची म्हणून सांगतात. मला ती ओळखीपाळखीची वाटते. बुद्धी मे महिन्यातही तितकीच होती. फरक पडला तो उधार देणाऱ्या हातांमुळे.

आता त्याच वर्षाची, त्याच लंडन शहरातील दुसरी गोष्ट. 1920 च्या सप्टेंबरात बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परतले. सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतून साठवलेले पैसे, नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत एवढ्यावर तो प्रवास उभा होता. सरकारने त्या वर्षी रुपयाचा दर दोन शिलिंगांवर बांधण्याचा प्रयत्न केला होता. तो साफ फसला. वर्षाच्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्याही बराच वर गेलेला रुपया 1921 मध्ये एक शिलिंग चार पेन्सांच्या आसपास येऊन पडला.

याचा हिशेब मांडून पाहा. रुपयाला दोन शिलिंग असा दर असेल तर 200 पौंडांसाठी 2,000 रुपये लागतात. दर एक शिलिंग चार पेन्स झाला की त्याच 200 पौंडांसाठी 3,000 रुपये लागतात. बाबासाहेबांनी बाजारात एक पैसाही लावलेला नव्हता. ते फक्त शिकत होते. तरी चलनाच्या चढउताराने त्यांची आखणी कोलमडली आणि सप्टेंबर 1921 मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले, विनिमयाच्या प्रतिकूल दराचे कारण देऊन. केन्स यांनी हौसेने ज्या वादळात उडी घेतली होती, ते वादळ बाबासाहेबांच्या दारात न बोलावता आले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1923 मध्ये, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला. त्यात बाबासाहेबांनी केन्स यांच्या व्यवस्थेवर मूलभूत हरकत घेतली. परदेशी चलनाशी रुपयाचा दर स्थिर ठेवणे म्हणजे रुपया स्थिर ठेवणे नव्हे. रुपयात किती धान्य, किती कापड येते ते स्थिर राहिले पाहिजे, आणि त्यासाठी हवे तेवढे रुपये पाडण्याची सरकारची मोकळीक बंद केली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. रुपया पडला की निर्यातदाराला फायदा होतो, पण तो फायदा मजुराच्या खिशातून येतो, कारण भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, हेही त्यांनी दाखवून दिले. डिसेंबर 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली तेव्हाही दराच्या चढउतारात कोणत्या वर्गाचे काय होते याकडे त्यांनी लक्ष वेधले.

जाता जाता आणखी एक. बाबासाहेबांनी 1918 च्या आधी मुंबईत शेअरच्या व्यवहारांवर सल्ला देणारी एक पेढी काढली होती. सुरुवात बरी झाली. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली. बाजाराला जात नसते असे सांगणाऱ्यांसाठी हा दाखला राखून ठेवावा.

केन्स यांच्याकडे परत येऊ. 1924 पासून ते किंग्ज कॉलेजचे मुख्य कोषाध्यक्ष झाले. 1925 मध्ये लिडिया लोपोकोव्हा या रशियन नर्तिकेशी त्यांनी विवाह केला. सट्टा चालूच होता, आता मालाचा: कापूस, रबर, कथील, मका. वायद्यांबरोबर ऑप्शनचेही व्यवहार ते करत. आपल्या मुंबईच्या कापूस बाजारात याच ऑप्शनला तेजी-मंदी म्हणत. अर्थचक्र कुठे चालले आहे हे आधी ओळखून त्याप्रमाणे खरेदी-विक्री करायची असे त्यांचे शास्त्र होते. ते शास्त्र 1928-29 मध्ये फसले. 1927 च्या अखेरीस 44 हजार पौंडांची असलेली त्यांची मालमत्ता 1929 च्या अखेरीस आठ हजारांच्या आत आली. ज्या माणसाने पुढे महामंदीवर सर्वात महत्त्वाचा ग्रंथ लिहिला त्याला स्वतःला ती येताना दिसली नव्हती.

ऑप्शनबद्दल इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण आपली मुले वायद्यापेक्षा इथेच अधिक सापडतात. ऑप्शन विकत घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता मर्यादित असतो, हे वाक्य त्यांना पाठ असते. ते खरेही आहे. पण तो प्रीमियम कशाचा बनलेला असतो? भाव आज कुठे आहे, मुदत किती दिवस उरली आहे आणि त्या दिवसांत भाव किती हलेल अशी बाजाराची अपेक्षा आहे, या तीन गोष्टी त्यात मुख्य. मुदत रोज संपत जाते, म्हणजे काहीही न घडता प्रीमियम झिजतो. आणि निवडणूक निकाल किंवा अर्थसंकल्पापूर्वी मोठ्या हालचालीची अपेक्षा असल्याने तो आधीच फुगलेला असतो. घटना घडून गेली की ती अपेक्षा विरते आणि प्रीमियम बसतो. दिशा बरोबर असूनही पैसे जातात ते इथे. 3 जून 2024 रोजी निफ्टी सव्वातीन टक्के चढला, 4 जूनला लोकसभेचा निकाल लागताना जवळपास सहा टक्के कोसळला. आदल्या दिवशी चढलेला कॉल पाहून ज्यांनी महागात खरेदी केली त्यांचे काय झाले ते सांगायला नको. ऑप्शन विकणाऱ्याची गोष्ट याहून भयंकर. त्याला प्रीमियम मिळतो, पण तोट्याला तळ नसतो.

1929 नंतर केन्स बदलले. हळूहळू त्यांनी बाजाराची वेळ साधण्याचा नाद कमी केला आणि ज्या थोड्या कंपन्यांचा धंदा आपल्याला समजतो त्यांचे शेअर घेऊन वर्षानुवर्षे धरून ठेवू लागले. 1936 मध्ये आलेल्या 'जनरल थिअरी' या ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात त्यांनी शेअरबाजाराची जी चिकित्सा केली ती बाहेरून बघणाऱ्याची नाही, पोळलेल्याची आहे. त्यांनी वर्तमानपत्रातील सौंदर्यस्पर्धेचे उदाहरण दिले. त्यात सर्वात सुंदर चेहरा निवडायचा नसतो, इतर स्पर्धक कोणता निवडतील हे ओळखायचे असते, आणि तेही हाच विचार करत असतात. भाव वरखाली होतात ते कंपनीचे काही बदलले म्हणून नव्हे, तर लोकांच्या अंदाजाबद्दलचे लोकांचे अंदाज बदलले म्हणून. देशाचा भांडवली विकास जुगारअड्ड्याच्या हालचालींवर सोडला तर काम बिघडणार, असे त्यांनी बजावले आणि सट्ट्याला आळा म्हणून प्रत्येक व्यवहारावर भरीव कर सुचवला. स्वतःची कमाई सट्ट्यातून आलेली असताना त्यांनी हे लिहिले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आणखी एक भेद ते करत. फाशांच्या खेळात शक्यता मोजता येते. पण युद्ध होईल का, वीस वर्षांनी तांब्याचा भाव काय असेल, याचे गणितच मांडता येत नाही. गेल्या महिन्याच्या चढउतारावरून पुढच्या महिन्याचा आकडा काढणारी आजची सारी सूत्रे हा भेद पुसून टाकतात. इंडिया व्हिक्स हा आकडा पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की तो पुढच्या तीस दिवसांबद्दलची बाजाराची अपेक्षा सांगतो. अपेक्षेबाहेरचे काही घडणार असेल तर ते त्यात नसते.

संयम आला म्हणून चढउतारांनी केन्स यांना सोडले नाही. 1936 च्या अखेरीस त्यांची मालमत्ता पाच लाख पौंडांवर होती, 1938 अखेर ती दोन लाखांच्या आत आली. मध्येच 1937 मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका. ते ज्या विमा कंपनीचे अध्यक्ष होते तिथे शेअर न विकल्याबद्दल टीका झाली आणि त्यांनी ते पद सोडले. पण या वेळी ते टिकले. घर चालवायला पगार, पुस्तके आणि पदे होती. शेअर विकून किराणा भरायची वेळ नव्हती. ते थांबू शकले. 21 एप्रिल 1946 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मागे पावणेपाच लाख पौंडांच्या आसपास संपत्ती होती. कॉलेजचा जो निधी त्यांनी 1920 मध्ये 30 हजार पौंडांवर सुरू केला होता तो त्यांच्या अखेरच्या काळात 3 लाख 80 हजारांवर पोहोचला होता.

आता सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासातील आकडे पाहा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, दलाली आणि कर धरून. 2023-24 मध्ये यातील 75 टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितले होते आणि 43 टक्के तीस वर्षांच्या आतले होते. पाच लाखांच्या आत उत्पन्न आणि दोन लाखांचा तोटा. परदेशी चलनाचे व्यवहार करवून देणाऱ्या अनधिकृत ॲपवर गेलेले पैसे या आकड्यांत धरलेलेच नाहीत. अशा ॲपची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँक 2022 पासून प्रसिद्ध करत आली आहे, पण टेलिग्रामवरील टिप्स त्या यादीपेक्षा लवकर पोहोचतात.

या मुलांपैकी अनेकांचे वडील सफाई कामगार, रिक्षाचालक किंवा निवृत्त शिपाई आहेत. नोकरभरती रखडलेली, शिष्यवृत्ती वेळेवर नाही, कंत्राटी पगार पुरत नाही. मोबाईलवर दहा हजारांचे वीस हजार होताना दिसले की हात पुढे जातो. त्यांना लोभी ठरवून उपदेश करणाऱ्यांबद्दल मला राग आहे. पण दलालाचा मार्जिनचा संदेश येतो तेव्हा त्यांच्यासाठी 5,000 पौंड घेऊन कोणताही कॅसल उभा नसतो. उभी असते ती गटाच्या वहीवर सही केलेली आई, आणि दर आठवड्याला हप्ता घ्यायला येणारा मायक्रोफायनान्सचा माणूस.